तीर्थन खोऱ्यात गाइडसोबत फ्लाय फिशिंग: पैसे कशाचे मोजावेत

हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासा गरवायला जायचं तर गाइड घ्यावा का? घ्यावा, निदान पहिले दोन दिवस तरी. पण पैसे मोजायचे ते त्याच्या पाणी ओळखणाऱ्या नजरेचे. रॉड, रीळ, वेडर (पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख) या वस्तू भाड्याने मिळतात आणि इथल्या सेवेची तीच सगळ्यात कच्ची बाजू आहे. लाइन फेकायचा हात घरी बसवता येतो. मोकळं मैदान आणि फ्लायच्या, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेल्या खोट्या किड्याच्या, जागी लोकरीचा तुकडा एवढ्यावर काम भागतं. मासा पाण्याची नेमकी कुठली वीतभर जागा धरून बसला असेल आणि तिथवर कुठून, किती वाकून जायचं, हे मात्र त्या नदीकाठी वाढलेल्या माणसाकडूनच शिकावं लागतं. गुशैणी, नागिणी, साई रोपा आणि बंजार या पट्ट्यातल्या होमस्टेंमार्फत जे गाइडिंग मिळतं, त्याबद्दल हे लिहितो आहोत. एका कुठल्या घराची जाहिरात करायची नाही, म्हणून नावं घेतलेली नाहीत.

आधी नदीबद्दल, कारण इथे जे काही चांगलं आहे ते तिच्यामुळे. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वरच्या बर्फातून निघते. गुशैणीला तिला पलाचन खड्ड (खड्ड म्हणजे ओढा) मिळते, बंजारला जिभीकडून येणारा ओढा मिळतो, आणि लारजीपाशी सैंज आणि तीर्थन दोघी बियासला जाऊन मिळतात. माजी आमदार दिले राम शबाब यांनी लोकांना सोबत घेऊन दिलेल्या लढ्यामुळे तीर्थनवरचे जलविद्युत प्रकल्प रद्द झाले. गरवणाऱ्याला याचा अर्थ रोज पाण्यात दिसतो. पाणी बोगद्यात वळवलेलं नाही, दरवाजे उघडून अचानक सोडलं जात नाही, तळाचे गोटे गाळाने लिंपलेले नाहीत आणि त्या गोट्यांखाली किडे जिवंत आहेत. शेजारच्या सैंजवर असं म्हणता येत नाही.

मासा आहे ब्राउन ट्राउट. कुल्लूच्या पाण्यात तो १९०९ च्या सुमारास हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने आला आणि इथेच अंडी घालून टिकला. ट्राउट फार्ममधून निसटलेले रेनबो ट्राउटही मधूनमधून लागतात. पण या नद्यांचा मूळ रहिवासी वेगळा आहे. तो म्हणजे स्नो ट्राउट, आपल्या कोळशी-महसीरच्याच कुळातला. त्याचं तोंड खालच्या अंगाला असतं, ओठाजवळ बारीक मिशा असतात आणि अंगावर ब्राउन ट्राउटसारखे काळे-लाल ठिपके नसतात. पाठीवर शेपटीजवळ जो मांसल छोटा पर ट्राउटला असतो, तोही याला नसतो. त्याची संख्या घटते आहे आणि त्याला बाहेरून आणलेल्या ट्राउटचाही हातभार आहे. चांगला गाइड स्नो ट्राउट लागल्यावर फोटोसाठीही थांबत नाही, लगेच सोडतो. हा फरक गाइडला सांगता आला नाही तर ते नोंद घेण्यासारखं आहे.

इथले बहुतेक गाइड पाहुण्याला पहिल्यांदा नेतात ते मोठ्या तीर्थनवर, होमस्टेच्या खालीच. ते त्यांच्या सोयीचं असतं, चहा वेळेवर येतो, आणि रस्त्यापासून चालावं लागत नाही. पण त्याच पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी पाण्यात पाय सोडून बसणारेही शंभर असतात. काश्मीरमध्ये नद्यांचे बीट, म्हणजे ठरावीक पट्टे, पाडलेले आहेत आणि एका बीटवर मोजकेच रॉड सोडतात. तीर्थनवर तसं कुणी अडवत नाही, त्यामुळे रस्त्यालगतचे डोह रोज झोडपले जातात. म्हणून बुकिंग करतानाच सांगावं की आम्हाला खड्डवर जायचंय. पलाचनसारख्या ओढ्यात धार कुठे दोन-तीन मीटर, कुठे पाच मीटर रुंद असते. अल्डरच्या फांद्या वरून वाकलेल्या असतात आणि दर आठ-दहा पावलांवर नवा खळगा लागतो. मासे लहान असतात, वीतभर ते फूटभर. तरीही शिकायला हेच पाणी उत्तम. मोठ्या नदीत नवशिक्या वीस मीटर लाइन फेकायच्या नादात दिवस घालवतो. ओढ्यावर पाच मीटरच्या पुढे लाइन लागतच नाही आणि चूक झाली की ती लगेच डोळ्यांसमोर दिसते.

कोकणात वहाळात गरवलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. तिथे आमिष खाली जातं आणि मासा वासाने येतो, त्यामुळे थांबून राहणं फायद्याचं असतं. ट्राउट वाहत्या पाण्यात एका जागी धारेकडे तोंड करून उभा असतो, येणारा किडा डोळ्यांनी पाहतो आणि घ्यायचा की नाही ते क्षणात ठरवतो. खळग्यात पाच-सहा वेळा फ्लाय नीट वाहवली आणि काही झालं नाही, तर पुढे जायचं. एकाच डोहावर तासभर बसवून ठेवणारा गाइड वेळ काढतो आहे असं खुशाल समजावं.

केव्हा जावं, यावर गाइडचं म्हणणं जरा तपासून घ्यावं लागतं, कारण खोली रिकामी असली की प्रत्येक महिना चांगलाच असतो. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते, तो विणीचा काळ. मार्चमध्ये पाणी स्वच्छ पण गारठलेलं असतं. पाच-सहा अंशांच्या पाण्यात मासा तळ सोडत नाही, त्यामुळे सकाळी सातला बाहेर काढणारा गाइड तुमची झोप मोडतो, बाकी काही नाही. ऊन खोऱ्यात उतरून पाणी आठ-दहा अंशांवर जाईपर्यंत, म्हणजे साधारण साडेदहा-अकरापर्यंत, घाई करू नये. एप्रिल चांगला. मेच्या मध्यापासून जूनभर वरचा बर्फ वितळतो आणि तेव्हा दिवसाचं गणित उलटं होतं. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोचतं, नदी राखाडी होते आणि चढते. म्हणून या दिवसांत पहाटेपासून अकरापर्यंतच गरवायचं. जुलै-ऑगस्ट सोडून द्यावेत, पावसाने दरडी आणि गढूळ पूर दोन्ही येतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेर हा सर्वांत भरवशाचा काळ. पाणी उतरलेलं, काचेसारखं, आणि विणीआधी मासा खायला उठलेला. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उथळ वाळूगोट्यांत माशांच्या जोड्या दिसू लागल्या की तिथे गळ टाकू नये आणि त्या गोट्यांतून चालूही नये, पायाखाली अंडी चिरडतात. हे पाहुण्याने न विचारता सांगणारे गाइड आहेत, आणि ते या खोऱ्यातले सगळ्यात चांगले.

गढूळपणाची एक साधी चाचणी कुणालाही करता येते. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचे बूट दिसत असतील तर गरवता येतं. दिसत नसतील तर त्या दिवशी पैसे परत मागावेत किंवा दिवस बदलून घ्यावा. ही अट आधी ठरवलेली बरी.

गाइडची पारख पहिल्या अर्ध्या तासात होते. तो काठावर आल्या आल्या रॉड हातात देतो की आधी पाण्यात हात घालतो, ते पाहावं. चांगला गाइड उथळ खळखळाटातून नारळाएवढा दगड उचलतो आणि उलटा करून तुमच्यासमोर धरतो. ओल्या पाठीवर चपटे, रुंद डोक्याचे मेफ्लाय किड्याचे निम्फ, म्हणजे त्याची पाण्यातली पिल्लं, खेकड्यासारखे तिरपे पळत असतात. वाळूचे कण चिकटवून केलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्या असतात, त्यांत कॅडिस या किड्याची अळी. दोन शेपट्यांचा, जरा दांडगा किडा दिसला तर तो स्टोनफ्लाय, म्हणजे पाणी थंड आहे आणि हवा भरपूर मिसळलेली आहे. आता फ्लाय निवडायला अंदाज लागत नाही. दगडावर जो किडा सर्वांत जास्त, त्याचा आकार आणि रंग डबीतल्या फ्लायशी जुळवायचा. आकार रंगापेक्षा महत्त्वाचा. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, म्हणून बारा नंबरच्या गळावरची सुंदर निम्फ-फ्लाय सोळा नंबरच्या किड्यांच्या पाण्यात हुकते. दगड होता तसा, त्याच जागी ठेवणं हाही या कामाचाच भाग आहे.

सामानाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. भाड्याने मिळणारा रॉड बहुतेक नऊ फुटी, पाच किंवा सहा वजनाचा (वजन म्हणजे त्याला लागणाऱ्या लाइनच्या जडपणाचा नंबर) असतो. मोठ्या नदीवर तो चालतो. ओढ्यात त्याचं टोक फांद्यांत अडकतं, आणि जड लाइन पाण्यावर आपटते तेव्हा खळग्यातला मासा पळून गेलेला असतो. इथल्या ओढ्यांना साडेसात ते आठ फुटी, तीन वजनाचा रॉड आणि तरंगती लाइन हवी. असा रॉड असेल तर स्वतःचा न्यावा, चार तुकड्यांचा असला तर विमानाच्या बॅगेत बसतो. रीळ कसलंही चालतं, कारण फूटभर मासा रीळावर खेळवावा लागत नाही. खरी अडचण लीडरची, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक धाग्याची. अनेक ठिकाणी टेपर्ड लीडरच नसतो, जाड नायलॉनचा सरळ तुकडा बांधलेला असतो. जाडसर टोकाकडून बारीक होत जाणारा लीडर नसेल तर फेकीचा जोर फ्लायपर्यंत पोचत नाही आणि सगळं गुंडाळून एका जागी पडतं. साडेसात फुटी, ४एक्स टोकाचे दोन लीडर आणि ५एक्स टिपेटची, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या धाग्याची, एक चकती बरोबर ठेवली की हा प्रश्न मिटतो. एक्सचा आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो. ५एक्सची जाडी ०.१५ मिलिमीटर असते. ऑक्टोबरच्या नितळ पाण्यात ६एक्स, म्हणजे ०.१३, लागतं. त्याखाली जायची गरज नाही, बारीक टिपेटवर मासा फार वेळ खेळवावा लागतो आणि दमून मरतो.

फ्लायच्या डबीत पन्नास प्रकार लागत नाहीत. कोरड्या, म्हणजे वर तरंगणाऱ्यांत एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट अ‍ॅडम्स, १२ ते १६ नंबर. बुडणाऱ्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ ते १८ नंबर, काहींच्या डोक्यावर टंगस्टनचा मणी. मोठ्या नदीसाठी आठ नंबरचे एक-दोन काळे वूली बगर. प्रत्येकाचे चार-चार नग असावेत, कारण झाडं भरपूर घेतात. बंजारमध्ये फ्लायचं दुकान नाही आणि गाइडच्या डबीतल्या फ्लाय पुष्कळदा गंजलेल्या गळावरच्या असतात. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवून ओढावं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर फ्लाय बाजूला.

ओढ्यावर आम्हाला सर्वांत उपयोगी वाटणारी मांडणी म्हणजे कोरडी आणि निम्फ एकत्र. लीडरच्या टोकाला बारा नंबरची एल्क हेअर कॅडिस बांधायची. तिच्या गळाच्या वाकाला क्लिंच गाठीने ४५ ते ६० सेंटिमीटर ५एक्स टिपेट जोडायचा आणि त्याच्या टोकाला सोळा नंबरची मणीवाली निम्फ. कोरडी फ्लाय तरंगते आणि निशाणी म्हणून काम करते, निम्फ खाली माशाच्या तोंडासमोरून जाते. क्लिंच गाठीला पाच वेढे घ्यावेत आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. गाठ कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं. कोरड्या फ्लायला तरंगत ठेवणारी जेल लावायची ती भिजण्याआधी, कणभर, बोटांत चोळून. ती भिजून बसल्यावर जेल लावली तर पाणी आतच कोंडतं. आधी रुमालात दाबून आणि हवेत दोन-चार फेऱ्या मारून सुकवावी लागते.

आता प्रत्यक्ष खळगा. धारेच्या खालून वर जायचं, हा पहिला नियम, कारण मासा धारेकडे तोंड करून असतो आणि त्याच्या मागून गेलेलं त्याला दिसत नाही. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. साठ सेंटिमीटर खोलीवरच्या माशाची ही खिडकी साधारण १३५ सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्या कडेला उंच वस्तू दिसतात, बुटक्या नाहीत. म्हणून दगडाआड गुडघ्यांवर बसून टाकणाऱ्याला मासा लागतो आणि त्याच दगडावर उभं राहणाऱ्याला खळगा रिकामा दिसतो. भडक टोपी नको. पोलरॉइड चष्मा हवाच, तो नसेल तर गाइड बोट करून दाखवतो तो मासा दिसणारच नाही.

नवशिके पांढऱ्या फेसाच्या मध्यावर टाकतात. मासा तिथे नसतो, तिथे उभं राहायला ताकद फार लागते. जिथे वेगाची धार आणि थोपलेलं पाणी एकमेकांना घासतात, त्या शिवणीवर तो असतो. दगडाच्या पुढच्या अंगाला थोपलेल्या पाण्याची एक छोटी गादी असते, तिथेही असतो, ही जागा बहुतेकजण सोडून जातात. आणि खळग्याचं शेपूट, म्हणजे पाणी पुढच्या उतारावर पडण्याआधी जिथे उथळ आणि गुळगुळीत होतं ती जागा, आधी गरवायची. तिथला मासा बिथरून वर पळाला तर खळग्यातल्या सगळ्यांना खबर देतो. इथले गाइड या बाबतीत खरोखर निष्णात आहेत. कुठल्या दगडामागे गेल्या आठवड्यात काय होतं हे त्यांना पाठ असतं, आणि २०२३ च्या पावसाळ्यात कुल्लू जिल्ह्यातल्या नद्यांनी जागोजागी पात्र बदलल्यानंतर हे ताजं ज्ञान जुन्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोलाचं झालं आहे.

फ्लाय पडली की रॉडचं टोक वर धरून जाड लाइन पाण्यावरून उचलून घ्यायची. पाण्यावर राहावा फक्त लीडरचा शेवटचा मीटर-दीड मीटर. मधली धार वेगळ्या वेगाची असते. लाइन तिच्यावर पडली की ती फ्लायला ओढते, फ्लायमागे इंग्रजी व्ही आकाराची बारीक रेघ उठते, आणि कुठलाही खरा किडा असा पाण्याला चिरत जात नाही. मासा न लागण्याचं पहिलं कारण हेच असतं, फ्लायचा रंग नव्हे. ओढ नसलेला वाहता तुकडा दोन सेकंदांचा असला तरी पुरतो.

निम्फ घेतल्याचं हाताला कळत नाही. वरची कॅडिस पाण्याच्या वेगाने येत असते, आणि एका जागी ती थबकते, किंवा बोटभर बाजूला सरकते, किंवा दगडाला अडल्यासारखी खाली जाते. तेवढंच. त्या क्षणी टोक वर उचलायचं, मनगटाने, फूटभर. ट्राउट निम्फ तोंडात घेतो आणि खोटं कळलं की सेकंदाच्या आत थुंकतो. स्पिनिंगची, म्हणजे चमकता धातूचा तुकडा ओढून गरवण्याची, सवय असलेले लोक खांद्यातून झटका देतात. त्याने ५एक्स तुटतो, नाहीतर वीतभर मासा उडून मागच्या झुडपात जातो. टिपेट तुटल्यावर टोक बघावं. शेपूट कुरळं झालेलं असेल तर गाठ सुटली, पुन्हा नीट बांधायला शिका. सरळ तुटलं असेल तर टिपेट दगडावर घासलेला होता किंवा त्यात वाऱ्याने पडलेली बारीक गाठ होती. अशी गाठ दिसली की तेवढा तुकडा कापून टाकायचा, ती ताकद निम्म्यावर आणते. दर खळग्यानंतर शेवटचा हातभर टिपेट बोटांतून ओढून पाहण्याची सवय गाइडने लावायला हवी. फारच थोडे लावतात.

शिकवणं ही इथली दुसरी कच्ची बाजू. हे लोक स्वतः सुरेख टाकतात, पण कसं टाकतात ते सांगता येत नाही. तुमची फेक बिघडली की रॉड हातातून घेऊन स्वतः टाकतात आणि मासा लागल्यावर परत देतात. हे पहिल्याच वेळी प्रेमाने थांबवावं: "भाईजी, आप बताइए, डालूँगा मैं." ओढ्यावर मागे झाडं असतात म्हणून डोक्यावरची फेक क्वचितच जमते. दोन फेकी मागून शिकाव्यात. एक रोल कास्ट, त्यात लाइन मागे जातच नाही. पाण्यावरून सावकाश ओढत आणायची, कानामागे तिचा पोट सुटलेला अर्धगोल झाला की थांबायचं आणि टोक पुढे, झटक्याने पण आखूड, थांबवायचं. घाईघाईत मागे ओढली की तो अर्धगोल तयार होत नाही आणि लाइन पायाशी गोळा होते. दुसरी धनुष्यफेक. निम्फ गळाच्या वाकाला चिमटीत धरायची, बोटाला टोक लागणार नाही अशी, रॉड वाकवायचा, नेम धरायचा आणि सोडायचा. फांद्यांखालच्या तीन मीटरवरच्या खळग्यावर याहून उपयोगी काही नाही.

स्पिनरबद्दल आधीच बोलून घ्यावं. दुपारपर्यंत मासा लागला नाही की काही गाइड खिशातून तीन तोंडी गळाचा चमकता स्पिनर काढतात, पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ नये या भावनेने. त्या गळाने लहान माशाचा जबडा आणि कधी डोळा फाटतो, सोडलेला मासा जगत नाही. बुकिंगलाच सांगावं: फक्त फ्लाय, एकेरी गळ, आणि उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केलेला. काटा दाबल्याने मासे फार निसटतात हा समज टिकत नाही, लाइन ताणलेली ठेवली तर निसटत नाहीत. शिवाय गळ स्वतःच्या कानात शिरला तर दवाखाना लागत नाही, मागे ओढला की निघतो.

मासा हाताळण्यात गाइडागाइडात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. जे बघायचं ते असं. हात आधी ओले करतो का? कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जाळी रबराची आहे का? गाठींच्या नायलॉन जाळीत पर आणि खवले सोलवटतात. गळ चिमट्याने, मासा पाण्यातच ठेवून काढतो का? कल्ल्यांत बोट घालून उचलतो का? घातलं तर तो मासा गेला. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यात, कॅमेरा तयार, मग पाण्याला लागून उचलायचा, पाण्याबाहेर दहा सेकंदांच्या आत, आणि परत. सोडताना तोंड धारेकडे, पण मंद पाण्यात, पोटाखाली नुसता हात. पुढेमागे हलवायचा नाही. तो स्वतःहून शेपटी मारून निघेपर्यंत थांबायचं. उन्हाच्या दिवसांत खालच्या भागातलं पाणी १९-२० अंशांवर गेलं तर त्यात प्राणवायू कमी असतो आणि पकडून सोडलेले मासे नंतर मरतात. चांगला गाइड थर्मामीटर बाळगतो आणि अशा दुपारी गरवणं बंद करतो. संध्याकाळी ताटात ट्राउट हवा असेल तर तो फार्मचा रेनबो मागावा, परिसरात मिळतो.

सुरक्षेच्या बाबतीत माहिती पक्की, साधनं अपुरी. गुळगुळीत गोट्यांवर रबरी तळवे घसरतात, फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या, तळव्यांचे बूट हवेत, पण मापाचे मिळतीलच असं नाही. दहा नंबरच्या वर पाय असेल तर स्वतःचे न्यावेत. ते एका नदीतून दुसरीत नेण्याआधी पूर्ण सुकवायचे, ओल्या फेल्टमधून शेवाळ आणि सूक्ष्मजीव पुढे जातात. छातीपर्यंतचा वेडर घातला तर कमरेचा पट्टा घट्ट आवळलाच पाहिजे, पडल्यावर आत पाणी भरतं. वेगाच्या धारेत गुडघ्याच्या वर जायचं नाही. पार करताना तोंड धारेकडे, हातात काठी, एका वेळी तीनपैकी एकच आधार हलवायचा. पडलात तर पाठीवर, पाय पुढे, उभं राहायची घाई नको, दगडात पाय अडकला तर धार खाली दाबते. आकाश निळं असलं तरी पाणी अचानक गढूळ झालं आणि काटक्या-पानं वाहू लागली तर वर कुठेतरी पाऊस कोसळला आहे. त्या क्षणी सामान टाकून वर चढायचं. लारजीच्या खाली बियासवर गरवायला नेण्याची गोष्ट कुणी काढली तर नकार द्यावा. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी तिथेच वाहून गेले.

परवाना मत्स्यविभागाचा, रोजचा, माणशी. गाइडच्या पैशांपुढे त्याची फी किरकोळ आहे. तरी "हमारा आदमी है, देख लेंगे" असं उत्तर येतं. तसं चालवून घेऊ नये. नावाची, तारखेची पावती हातात आल्यावरच रॉड जोडावा. नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. वर मासे मोठे आहेत म्हणून तिकडे नेणारा गाइड कायदा मोडतो आहे आणि पकडले जाल ते तुम्ही दोघेही.

जेवणखाण आणि राहणं याबद्दल तक्रारीला जागा नाही. राजमा, सिड्डू, घरचं तूप, लाकडी घरं, माणसं अगत्याची. फक्त दुपारचं जेवण घरी येऊनच घ्यायचा आग्रह असतो, त्यात दोन तास आणि ऑक्टोबरमधलं सगळं ऊन जातं. पराठे बांधून मागावेत, आनंदाने देतात.

कुणी जाऊ नये तेही सांगतो. मोठा मासा हवा असेल तर हे ठिकाण नाही. गुडघे दुखत असतील तर खड्डवरचा दिवस अंगावर येईल, त्यांनी नागिणीजवळचा मोठ्या नदीचा सपाट काठ मागावा. दहा वर्षांखालच्या मुलांना ओढ्यात नेऊ नये, काठावरून लाइन फेकायला मात्र मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

पुण्या-मुंबईहून दिल्ली किंवा चंदीगड गाठून मनालीच्या रात्रीच्या बसने औटला उतरायचं. बोगद्यात शिरण्याआधी बंजारचा फाटा आहे, तिथून गुशैणी तासाभरावर. बस पहाटे पोचते, त्या दिवशी गाइड ठरवू नये. थकलेल्या पायांनी गोट्यांवर चालणं धोक्याचं असतं.

बुकिंगच्या फोनवर एवढं विचारावं: एका गाइडमागे माणसं किती (दोनपेक्षा जास्त असतील तर नको), दिवस कुठल्या ओढ्यावर, रॉड किती फुटी आणि किती वजनाचा, लीडर टेपर्ड आहे का, बूट कुठल्या मापाचे, परवाना दरात धरलाय का, पाणी गढूळ झालं तर काय. शेवटी सहज विचारावं की सध्या दगडाखाली कुठला किडा जास्त दिसतोय. जो माणूस क्षणभरही न थांबता किड्याचा आकार आणि रंग सांगतो, त्याला त्याच फोनवर आगाऊ रक्कम पाठवावी.